राजाबाईच्या गोळ्या

"फार्मासिस्ट तुमीच का?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि औषधांच्या काउंटरमागं संघप्रिया सावध झाली.

गिऱ्हाईक असं कधी विचारत नाही. चिठ्ठी पुढं करतं, किती झाले म्हणतं, पिशवी घेऊन निघतं. हा मात्र आल्या आल्या भिंतीकडं बघत उभा राहिला. तिथं दुकानाचं लायसन आणि त्याच्या शेजारी तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं.

"हो, मीच," ती म्हणाली. "काय पाहिजे काका?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. झोपेच्या गोळ्या होत्या.

दुकानाचे मालक मल्लिकार्जुनअण्णा सकाळीच लग्नाला अक्कलकोटला गेले होते. जाताना तिला बजावून गेले होते. औषध प्रशासनाची माणसं साधं गिऱ्हाईक बनून शहरात फिरतायत. पलीकडच्या गल्लीत एकानं चिठ्ठी न बघता अशाच गोळ्या दिल्या, तर दुकान बंद झालं आणि तिथल्या फार्मासिस्टलाही नोटीस आली. "माझं दुकान काय, आज ना उद्या परत उघडंल की," अण्णा म्हणाले होते. "तुझं नाव एकदा खराब झालं तर तुला कोण उभं करणार?"

खरंच होतं ते. वडील गेल्यापासून घरात पगार आणणारी ती एकटीच. धाकट्या बहिणीचं, प्रतीक्षाचं, नर्सिंग अजून व्हायचं होतं.

तिनं चिठ्ठी उजेडात धरली. टेंभुर्णीच्या कुणा डॉक्टरांची होती. तारीख आजची. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. पेशंटचं नाव राजाबाई, वय, पत्ता, औषधाचं नाव मोठ्या अक्षरात. एकही खोट निघेना, आणि त्यानंच ती जास्त घाबरली. अशी चिठ्ठी तिनं कॉलेजात शिकताना फळ्यावर पाहिली होती. रोजच्या धबडग्यात एवढं सगळं कोणता डॉक्टर लिहितो?

"पेशंट कुठायत?"

"मंडळी हायत माझी. घरी असत्यात." त्यानं चष्मा सरळ केला. "झोप न्हाय लागत."

"दोन महिन्यांच्या एकदम लिहिल्यात."

"लांबनं येतोय. सारखं सारखं कोण येणार?"

"टेंभुर्णीत मिळत नाहीत का?"

"तितं न्हाय घ्यायच्या," तो म्हणाला, आणि परत भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडं बघायला लागला.

तिनं एक पट्टी काढून समोर ठेवली. म्हाताऱ्यानं ती उलटी केली, चष्मा वर सारून मुदतीची तारीख वाचली, मग कंपनीचं नाव वाचलं. सराईत माणसासारखं.

"आत्ता दहा दिवसांच्या नेता का? बाकीच्या मागनं न्या."

"कागदावर लिवल्यात तेवढ्या द्या की. आणि बिल राहू द्या."

हाच तो सापळा, तिला वाटलं. बिल न देता या गोळ्या विकल्या की पुढचं सगळं सांगायला नको.

"बिलाशिवाय नाही देता येत, काका. रजिस्टरला नोंद पण करावी लागते."

"करा मग," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

राग नाही म्हणून ती आणखी बावरली. काय करावं? चिठ्ठी खरी असून गोळ्या नाकारल्या तरी तक्रार, दिल्या आणि चिठ्ठी खोटी निघाली तरी तिच्यावरच. डॉक्टरांनाच विचारावं. त्यांचा फोन नंबर चिठ्ठीवर होताच. हा तपासणीचा साहेब असला तर त्यालाही बरंच वाटेल.

"बाकीच्या पट्ट्या आत आहेत. बसा जरा बाहेर बाकावर," असं म्हणून ती चिठ्ठी घेऊन कपाटांच्या मागं गेली.

फोन लावता लावता तिनं फटीतून बाहेर पाहिलं. म्हातारा बाकावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत घातलेले, नजर खाली फरशीवर. शेजारी जागा सोडून अगदी कडेला बसला होता. तपासणीला आलेला साहेब असा बसेल का? तिचं मन चरकलं. स्टँडकडं जाणाऱ्या गाड्यांचा गोंगाट होता म्हणून ती भिंतीकडं वळली आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला.

बराच वेळ रिंग वाजली.

"बोला," दमलेला आवाज आला.

"डॉक्टर, सोलापुरातनं बोलते, मेडिकलमधनं. राजाबाई म्हणून पेशंट आहेत, त्यांची चिठ्ठी आलीय. दोन महिन्यांच्या झोपेच्या गोळ्या..."

"बरोबर हाय. द्या."

झालं. तिचं काम नियमानं पूर्ण झालं होतं. उद्या कुणीही विचारलं तरी ती सांगू शकली असती, डॉक्टरांना विचारूनच दिल्या. पण तिला फोन ठेववेना.

"देते, डॉक्टर. पण एक विचारू का? त्यांचे यजमान आलेत न्यायला. मला ते ठीक वाटत नाहीत. सकाळपासून काही खाल्लेलं पण दिसत नाही. तुम्ही ओळखत असाल त्यांना. एवढ्या गोळ्या त्यांच्या हातात देऊ का?"

पलीकडूनही नुसता गाड्यांचा गोंगाट ऐकू आला. ती परत "हॅलो" म्हणणार होती.

"ओळखतो," आवाज घोगरा झाला होता. "राजाबाई गेल्या महिन्यात वारली. त्याच्या हातात गोळ्या देऊ नको, पोरी."

ते शेवटचं वाक्य संघप्रियाला दोनदा ऐकू आलं. एकदा फोनमधून आणि एकदा बाहेरच्या बाकावरून, म्हाताऱ्याच्या तोंडून.