बेचाळीस अंशांवर

पान्याचा पहिला फटका टेबलावर बसला. दुसरा इंजिनिअरच्या उजव्या हातावर.

बोटं मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. खुर्ची मागे कलंडली आणि तिच्यासकट तोही. बांधकामावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत दोन माणसांना धड उभं राहायला जागा नव्हती, मार खायला मात्र भरपूर निघाली.

"वाच," थोरला म्हणाला. दाराला त्याने आतून कडी घातली होती. "तूच लिहिलंयस ना? मोठ्याने वाच."

सगळे त्याला थोरला म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊही तिथेच कामाला होता. सोमवारपर्यंत होता. नऊ वर्षं इंजिनिअरला 'अहो साहेब' म्हणणारा हा माणूस आज अरेतुरेवर आला होता.

इंजिनिअरने सोमवारच्या अपघाताचा अहवाल वाचायला घेतला. "सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी आकाशात एक चंदेरी, लांबट वस्तू दिसली. पंख नाहीत, आवाज नाही. क्षितिजापासून बेचाळीस अंशांवर. तीन मिनिटे दहा सेकंद जागची हलली नाही."

इंजिनिअरच तो. आकाशात काय आहे ते कळलं नाही, पण किती अंशांवर आहे ते मोजणीच्या दुर्बिणीतून टिपून ठेवायला चुकला नव्हता. "अहो, तेवढी उडती तबकडी अहवालातून काढा, लोक आपल्याला वेड्यात काढतील," म्हणून मॅनेजरने हात जोडले, तरी हा हटून बसला. जे दिसलं ते दिसलं. आपल्या या खरेपणाचा त्याला चार दिवस चांगलाच अभिमान वाटत होता.

"पुढे."

"त्या वेळी तुळई उतरवण्याचे काम चालू होते. सिग्नल देणाऱ्याचे लक्ष आकाशाकडे गेले. त्याचा हात..." तो थांबला. बरगडीत लाथ बसली. "त्याचा हात बदलला नाही."

क्रेनवाल्याला खालचं काही दिसत नाही. थोरल्याचा हात हेच त्याचे डोळे. बोट खाली करून फिरवलं की उतरवायचं, हात आडवा ताठ धरला की थांबायचं, आणि हात बदलेपर्यंत आपली अक्कल चालवायची नाही. सोमवारी थोरल्याने मान वर केली आणि बोट फिरतच राहिलं. खाली धाकटा दोरी धरून उभा होता. तोही वरच बघत होता, पण तुळईकडे नाही. क्रेनवाल्याने दोन टनांचं लोखंड निमूटपणे त्याच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत उतरवलं. मग भावाला ओळखायला थोरल्याला बुटांकडे बघावं लागलं.

"तीन वाजता चौकशी आहे. आई येतेय," थोरला म्हणाला. "एका पोराच्या हाताने दुसरा गेला, हे तिने चारचौघांत ऐकायचं?"

"खोटं आहे का ते?"

हे विचारायला नको होतं. थोरल्याने त्याला मानगुटीला धरून उचललं आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एक दात अहवालावर पडला.

"खोटं नाही!" थोरला आता रडत होता आणि रडता रडता मारत होता. "पण अर्धं आहे. नऊ वर्षांत माझी नजर कधी मालावरून हलली? मागे पलीकडचा जिना कोसळला, तेव्हाही हलली नाही. सोमवारी मी काय आपणहून वर बघितलं? अंश मोजलेस, सेकंद मोजलेस. ओरडलं कोण, ते का नाही लिहिलंस?"

ती वस्तू दुर्बिणीत आली तेव्हा इंजिनिअरला लहान पोरासारखा आनंद झाला होता. त्याच भरात दिलेली आरोळी तो चार दिवस रोज ऐकत होता, आणि तिचा अपघाताशी काही संबंध नाही असं रोज स्वतःला बजावत होता. आता मारापेक्षा लाजच जास्त झोंबली.

पाना पुन्हा वर गेला. या खेपेला डोक्याच्या रेषेत.

"पेन दे," इंजिनिअर म्हणाला.

त्याने डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'सगळ्यांनी वर बघा, असे मी ओरडलो.' पुढे वेळही घातली. उजव्या हाताने सही होईना, म्हणून डावा अंगठा टेकवला. शाईची गरज लागली नाही, रक्त होतंच.

थोरल्याने ती ओळ दोनदा वाचली. मग पाना खाली ठेवला आणि कागद परत टेबलावर सारला.

"माझीही ओळ राहू दे," तो म्हणाला.

खिडकीतून बंद क्रेन दिसत होती. तिचा आकडा अर्ध्यावर लोंबत होता. थोरला खिडकीशी जाऊन पाय जुळवून उभा राहिला आणि त्याने हात आडवा, ताठ धरला. क्रेनच्या केबिनमध्ये कोणी नव्हतं. हात भरून आला, तरी त्याने तो खाली घेतला नाही.