थनोमच्या मागे बसलेली बाई

थनोमच्या मोटरसायकलवर मागे एक बाई बसलेली लांबून दिसते, अशी कुजबुज आमच्या बेटावर सुरू झाली आणि ती त्याच्या बायकोच्या, राम्फायच्या कानावर गेली. मासे पोचवायला आपण एकटेच जातो, असं थनोम तिला सांगायचा.

एका दुपारी तिने बहिणीची मोटरसायकल काढली आणि किनाऱ्याच्या रस्त्याने त्याच्या मागावर निघाली.

नूडल्सच्या गाडीवर लमायमावशी हसली. "काय गं, पोट नाही भरलं? आत्ताच तर दोघं जेवून गेलात."

"दोघं कोण?"

"तू आणि तुझा नवरा. म्हातारीची थट्टा करतेस होय!"

राम्फायने मोटरसायकल जोरात पिटाळली.

धक्क्यावर त्रांग शहराकडे जाणारी बोट लागली होती. थनोम मोटरसायकलवरच्या टोपल्या सोडत होता. शेजारी एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्या अंगात राम्फायने सकाळीच वाळत घातलेला निळा सदरा होता.

"थनोम!" राम्फाय ओरडली.

दोघांनी वळून पाहिलं. त्या बाईचा चेहरा हुबेहूब राम्फायचा होता. ती घाबरून थनोमला बिलगली.

थनोमने राम्फायकडे नीट निरखून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "कोण पाहिजे, ताई?"