दोन तोंडांचा झरा

"आजी, सरहद्द आली. आता जरा गप्प बस," गार्निक म्हणाला आणि त्याने गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली.

मागच्या सीटवर वार्सेनिकआजीने मांडीवरचं गोड पावाचं पुडकं घट्ट धरलं. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे कधीच नेले होते. पुढे बसलेल्या सिरानुशने खिडकीची काच खाली केली.

पंपाचा मालक मिहरान हा सिरानुशचा मामा. त्याने आवाज जाड करून, येत होते तेवढे चार तुर्की शब्द म्हटले, आजीचा पासपोर्ट चाळला आणि बिलांवर मारायचा शिक्का गाडीच्या टपावर दोनदा आपटला.

"कांदा खाऊन आला होता," गाडी निघाल्यावर आजी म्हणाली. "तुर्काचं जेवण आपल्यासारखंच दिसतंय."

"भूक सगळीकडे सारखीच, आजी," सिरानुश म्हणाली.

खरी सरहद्द अजून बरीच पुढे होती आणि नेहमीसारखी बंद होती.

आजीची आई लहानपणी कार्सकडच्या गावातून पळून आली होती. ते गाव आता सरहद्दीपलीकडे, तुर्कांच्या मुलखात. आजीच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि तिने डॉक्टरला तोंडावर सांगितलं होतं, "आधी आईच्या गावचं पाणी पिईन, मग काय कापायचं ते कापा." जॉर्जियातून वळसा घालून जायला दोन दिवस लागले असते. एवढा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांचंच म्हणणं होतं. आणि झडप आता थांबायला तयार नव्हती.

म्हणून गार्निक सिरानुशकडे गेला. ती भूगर्भशास्त्र शिकली होती, पण पोट भरायची ते पर्यटकांना जुनी चर्च दाखवून. त्याने तिला आजीचं तोंडपाठ वर्णन ऐकवलं: वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असं चर्च, एक शिंग तुटलेला दगडी मेंढा आणि शेजारी दोन तोंडांचा झरा.

"असं गाव आहे की," सिरानुश म्हणाली होती. "आपल्याच बाजूला, ग्युमरी शहराच्या अलीकडे. पण तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कशा जुळल्या?"

"आमचं नशीब. जास्त विचार करू नकोस."

सिरानुशने मात्र बारीक विचार केला होता. घरून, वानाद्झोरहून, पश्चिमेला जायचं, तर दुपारनंतरच निघायचं, म्हणजे ऊन आजीच्या तोंडावर येईल आणि दिशा तिला पटेल. सरहद्द उघडणार अशी बातमी रेडिओवर महिनोन् महिने चालू होतीच. ती उघडली, एवढंच गार्निकने घरात सांगितलं होतं.

"डाव्या हाताला मोडकी तटबंदी," सिरानुश सांगत होती. डाव्या हाताला बटाट्याचं शेत होतं. "तिच्यावर करकोच्याने घरटं केलंय."

"पिल्लं आहेत?"

"दोन."

"आणि खड्डे आपल्याकडचेच आणलेत वाटतं," आजी म्हणाली.

गार्निकने पुढचा खड्डा चुकवला.

गावात पोचल्यावर त्याने आजीला हाताला धरून चर्चपाशी नेलं. तो दरवाजाबद्दल सांगणार, तोच ती वाकून आत गेली. गार्निकचं कपाळ चौकटीवर आपटलं.

"आईने सांगितलं होतं ना, वाकायचं," आजी आतून म्हणाली. "तू कधी ऐकतोस?"

तिने मेणबत्ती लावली, भिंतीवरचे यात्रेकरूंनी कोरलेले बारके क्रॉस बोटांनी चाचपले. एका ठिकाणी बोटं जरा रेंगाळली. मग रिवाजाप्रमाणे वेदीला पाठ न दाखवता ती उलट्या पावलांनी निघाली. गार्निक मागून तिला सावरायला धावला, पण ती बरोबर चौकटीखाली वाकली आणि पाऊल न चुकता बाहेर आली.

झऱ्याजवळ तिने मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला, तुटलं शिंग चाचपलं. ओंजळ भरून पाणी प्यायली आणि थांबली.

"हे थंड नाही."

गार्निकने सिरानुशकडे पाहिलं.

"आई म्हणायची, आमच्या पाण्याने दात वाजायचे."

"भूकंप झाला ना, आजी," सिरानुश सावकाश म्हणाली. "आतले दगड सरकले की पाण्याची वाट बदलते. आता ते खोलातून येत असेल. खोलातलं पाणी कोमट असतं." दिवसभरात तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी ही एकच पुस्तकात सापडली असती.

आजीने मान डोलावली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून गार्निक पुढे झाला, तर ती हसत होती.

"सोमवारी डॉक्टरला सांग, येते म्हणावं. आणि बाटली भर. दवाखान्यात हेच पाणी पिणार."

गार्निक झऱ्याच्या काठावर बसला, ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि मग उगाचच शीळ घालत बाटली आणायला गाडीकडे गेला.

आजीने चाचपडत सिरानुशचा हात शोधला, मेंढ्यावर टेकून तिला शेजारी बसवून घेतलं आणि पुडक्यातल्या पावाचा तुकडा तिच्या हातात ठेवला.

"खा, पोरी. खूप बोललीस आज," ती हळू आवाजात म्हणाली. "आईलाही आपल्या गावचं पाणी प्यायचं होतं. भूकंपाचं मीही सांगितलं होतं तिला, इथेच बसवून. तिनेही मान डोलावली होती."