सर्जेरावांचा कॅमेरा

"इथं थांबवा," हवालदार म्हणाले, आणि सर्जेरावांनी मोबाइलवर बोट टेकवलं. गुरुवार, दुपारचे अडीच. दाराशी दोन माणसं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. एकानं लोखंडी टॉमी घालून कोयंडा उचकटला. दुसरा गल्लीकडं तोंड करून निवांत उभा, जणू जावईबापू दार उघडायची वाट बघतायत.

त्या वेळी सर्जेराव सोयगावला पुतण्याच्या हळदीत नाचत होते आणि मोबाइल पिशवीत होता. इकडं सिडकोतल्या त्यांच्या रो-हाउसमधून लेकीच्या, अपेक्षाच्या लग्नाचे दागिने गेले. पाटल्या गेल्या, पोहेहार गेला, सुलेखाबाईंच्या आईची बोरमाळही गेली. लग्न दोन महिन्यांवर. निघताना सुलेखाबाई म्हणाल्या होत्या, "बँकेत ठेवून जाऊ." सर्जेराव म्हणाले होते, "मग कॅमेरा कशाला बसवलाय?" आता त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होत्या आणि नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या.

"तोंडं दिसत नाहीत," हवालदार म्हणाले. "कुणावर संशय?"

सर्जेराव जराही घुटमळले नाहीत. "शेजारच्या मनकर्णाबाई. हे बघा, गेटाच्या कोपऱ्यात. हिरवा पदर दिसतो ना? चोरी चालू असताना बाई तिथं उभी आहे. मी तर सोमवारीच चौकीत कळवलं होतं, फोटोसकट."

कळवलं होतं, हे खरं. महिन्यापूर्वी कॉलनीत पोलिसांची बैठक झाली. बंद घराभोवती कुणी रेंगाळलं तर कळवा, असं साहेबांनी सांगितलं. सर्जेराव जन्मभर सरकारी खात्यात राहिलेले, सूचना आली की अंमल करायचा एवढंच त्यांना ठाऊक. आठवड्यात कॅमेरा बसला. सोयगावला पोचले त्याच्या दुसऱ्याच पहाटे मोबाइल वाजला. नेट रडत होतं, व्हिडिओ काही उघडेना. नुसता एक अंधूक फोटो आला. डोक्यावर पदर घेतलेली बाई त्यांच्या दाराशी वाकलेली. मनकर्णाबाई. वीस वर्षांचा शेजार, मधे एकच भिंत. सुलेखाबाई म्हणाल्या, "अहो, आधी अक्कांना विचारा तरी." सर्जेरावांनी फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सावध राहा.' संध्याकाळी पोलीस मनकर्णाबाईंच्या दारात. अर्धा तास विचारपूस चालली आणि सगळी गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती.

"तो सोमवारचा व्हिडिओ लावा," हवालदार म्हणाले.

सर्जेरावांनी तो अजून उघडलाच नव्हता. गरजच वाटली नव्हती.

पडद्यावर मनकर्णाबाई गेटातून आत आल्या. पडलेला पेपर उचलून त्यांनी काखेत धरला. केरसुणीनं दार झाडलं. तांब्यातलं पाणी शिंपडलं. मग गुडघ्यावर हात देत खाली वाकल्या. वयाप्रमाणं सावकाश, चार रेघा ओढून रांगोळी काढली. वर हळदीकुंकवाची चिमूट टाकली आणि कंबर धरून निघून गेल्या.

"बाई लई शहाणी आहे," हवालदार म्हणाले. "हे लोक आधी दोन-तीन दिवस गल्लीतनं चकरा मारतात. पेपर तसेच पडलेत, दारात सडा नाही, रांगोळी नाही, की समजायचं घर बंद आहे. ही तुमचं घर बंद दिसू देत नव्हती."

वीस वर्षं सर्जेराव दिवाळीला, लग्नाकार्याला सोयगावला जात होते. परतायचे ते शेवटच्या एसटीनं, अंधारात. पायाखाली काय पुसलं जातंय, ते कधी बघितलंच नव्हतं.

मंगळवारचा व्हिडिओ त्यांनी स्वतःच लावला. मनकर्णाबाई गेटापर्यंत आल्या. हातात रांगोळीची वाटी. मान वर करून त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं. मग गेटाची कडी हळूच लावली आणि माघारी गेल्या. बुधवारी कुणीच आलं नाही. गुरुवारी दारात तीन पेपर पडलेले होते.

सर्जेराव तसेच अनवाणी शेजारी गेले. हवालदार मागोमाग. मनकर्णाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. अंगावर तेच हिरवं लुगडं.

"अक्का, चुकलं माझं," सर्जेराव म्हणाले. "लई चुकलं."

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. वीस वर्षं त्यांना त्या भाऊ म्हणत होत्या. सर्जेरावांना बसवेना.

हवालदारांनी विचारलं, "आजी, गुरुवारी दुपारी तुम्हाला कुणी दिसलं व्हतं का?"

"दिसले ना. दोघं व्हते. कुलूप उचकटीत व्हते." मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"मग हाक तरी मारायची अक्का," सर्जेराव म्हणाले. "सगळी गल्ली धावली असती. माझ्या पोरीचं लग्न हाय."

डोळे पुसायला मनकर्णाबाईंनी पदर उचलला, तोच पदर.

"वरडायलाच आले व्हते भाऊ, गेटापोतर. मग वर नजर गेली. म्हणलं, अजून एक पाऊल टाकलं, तर परत माझाच फोटो निघंल."