झिजत नाही ते नाव

गावोगावी फिरून झिजलेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने टाकी लावणारी गिरजा त्या दिवशी काम सोडून सातपदरी खडकापाशी घातलेल्या मंडपात, पहिल्या रांगेत जाऊन बसली. ‘खडकावर नावं कोरू नका’ या मोहिमेचं उद्घाटन होतं आणि पाहुणे होते भूपेश येलमुले.

सोळा वर्षांपूर्वी याच खडकावर एक नाव कोरलेलं सापडलं होतं. ते कोरणारं पोरगं मोठ्या घरचं, म्हणून त्याला कोणी बोललं नाही. ‘तू काय झोपला होता?’ म्हणत गिरजाच्या बापाची, सोमाजीची, रखवालदारी तेवढी काढून घेतली.

भाषण झालं, टाळ्या झाल्या. कोरलेली नावं कुठं आहेत, असं एका पत्रकाराने विचारलं.

“या माह्या मागं,” गिरजा उठली.

खडकाच्या पाठीमागे जाऊन तिने वेल बाजूला सारला. काल कोरल्यासारखी धारदार अक्षरं होती: भूपेश येलमुले, बी.ए. भाग एक, २००९. सगळे मोबाईल एकदम वर झाले.

भूपेश तिच्याजवळ सरकला. दात आवळून म्हणाला, “वाळूचा दगड आहे हा, बाई. चार पावसाळ्यात बुजाले पाह्यजे होतं.”

“बुजतच होतं, भाऊ,” गिरजा त्याच्यापुरतंच बोलली. “पण रखवालदाराची पोरगी आहो मी. दर दिवाळीले टाकी लावत आली.”