रोटीवरची खूण

"पदव्युत्तर प्रकल्प म्हणून लाकडी शिक्के?" परीक्षक हसले. "अगं, गल्लीभरच्या घरांतून भाजायला आलेल्या रोट्यांतली कुठल्या घरची कुठली, ते फेझ शहरातला भट्टीवाला नजरेनंच ओळखतो. तुमच्या गल्लीतल्या भट्टीवाल्या अल्लालचाचांनी मागितले होते हे?"

"नाही सर. ते म्हणाले, 'खेळणी घरी ने, पोरी.'" बतूल म्हणाली. "मागितले गल्लीनं. वर्षभर शेजाऱ्यांच्या रोट्या आमच्या घरी येत होत्या. आम्ही गुपचूप आपसांत बदलून घ्यायचो. आता कच्च्या रोटीवर घरूनच शिक्का मारून पाठवतो."

"मग रंगीत खूण का नाही दिलीस?"

"बोटांना कळायला हवी, सर. म्हणून खोल कोरली."

परीक्षकांचं हसू मावळलं. "आणि चाचा?"

"महिनाभर एकही रोटी चुकलेली नाही. कालच मिशीला पीळ देत म्हणाले, 'बघितलंस? शिक्के कशाला? नजर आहे अजून!'"