चौथा मजला, जुनं भाडं

घरमालक जयवंतराव चौथ्या मजल्यावरून कठडा धरत उतरले आणि तळमजल्यावरच्या गुप्तेबाईंपुढे त्यांनी कागद ठेवला. इमारतीत लिफ्ट बसवून भाडं वाढवायचा त्यांचा बेत होता. कायद्याने त्याला भाडेकरूंची संमती लागत होती आणि एकच सही कमी पडत होती.

"लिफ्ट तुमच्या गुडघ्यांसाठी आणि वाढीव भाडं आम्ही भरायचं?" बाईंनी विचारलं. त्या निवृत्त पीटी शिक्षिका होत्या. सत्तरीतही जिने चढताना त्यांना धाप लागत नसे.

जयवंतराव ओशाळले. "डॉक्टर जिने बंद करा म्हणतात. मग मी राहू कुठे?"

"इथे. खोल्या तेवढ्याच आहेत. मी वर जाते, जुन्याच भाड्यात. तसं लिहून द्या."

त्यांनी दोन दिवस विचार केला, गुडघ्यांना शेक दिला आणि लिहून दिलं.

आता बाई वरच्या गॅलरीत वाऱ्यावर बसून चहा पितात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या प्रधानांनी लिफ्टचं काय झालं, म्हणून विचारलं.

"कशाला उगाच भाडं वाढवून घेता?" जयवंतराव दारातल्या खुर्चीत पाय पसरून म्हणाले. "जिने चढावेत माणसाने. तब्येतीला चांगलं असतं."